सात रुपये पगाराच्या शिपायाचे कपडे

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याला "इंग्रजांच्या काळातला देशी शिपाई" एवढं सांगितलं की तो पुढचं काही विचारत नाही. फक्त "किती नग?" म्हणतो. सॅटिनचा लाल कोट, छातीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुली, पांढरी विजार आणि डोक्याला हाताशी असेल ते. उमाजी नाइकांवरचं नाटक असो, सत्तावनच्या बंडाचं असो की चाफेकरांचं, कोट तोच.

या वेळी तो चालणार नव्हता, कारण नाटकातला माणूस आपल्या कपड्यांविषयी सारखा बोलतो. बॉम्बे आर्मीच्या पहिल्या पलटणीतला, म्हणजे ग्रेनेडिअर्समधला, साताऱ्याकडचा हा शिपाई. पहिला अंक १८७९ सालच्या छावणीत, परेडच्या पोशाखात. दुसरा २७ जुलै १८८० रोजी, अफगाणिस्तानात मैवंदच्या रणात. लेखकाने संहितेत दोन्ही ठिकाणी कंसात "लष्करी वेश" इतकंच लिहून ठेवलं होतं. वेशभूषा माझ्याकडे. दिग्दर्शक म्हणाला, "प्रेक्षकांना काय कळतंय ते राहू दे, आपल्याला कळलं पाहिजे." असं म्हणणाऱ्या माणसाला पुढे खर्चाचा आकडा सांगताना फार संकोच वाटत नाही.

मैवंद आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी नाही. दुसऱ्या अफगाण युद्धात, कंदाहारपासून साधारण सत्तर किलोमीटरवर ब्रिगेडियर जनरल बरोज यांची अडीच हजारांच्या आसपास इंग्रजी फौज अफगाण सरदार अयूब खानाच्या कितीतरी मोठ्या सैन्यासमोर उभी राहिली आणि मोडली. गोऱ्यांची ६६वी पलटण आणि घोडदळाबरोबरचा तोफखाना सोडला तर बाकी सगळे बॉम्बे आर्मीचे: ग्रेनेडिअर्स, ३०वी पलटण म्हणजे जेकब्ज रायफल्स, तिसरी लाइट कॅव्हलरी, सिंध हॉर्स आणि बॉम्बे सॅपर्सची अर्धी कंपनी. साडेनऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत एकट्या ग्रेनेडिअर्सची तीनशेच्या वर. ६६व्या पलटणीसाठी इंग्लंडात रेडिंगच्या बागेत भलामोठा सिंह उभा आहे. त्या रणात अफगाणांना हिंमत देणाऱ्या मलालई या मुलीची गोष्ट अफगाण लोक आजही सांगतात. आपल्या बाजूने सांगणारा कुणी नाही. दिग्दर्शकाला कुलाब्याचं अफगाण चर्च आठवलं, म्हणून आम्ही तिथे जाऊनही आलो. चर्च फार देखणं आहे, पण ते पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं. आमच्या शिपायाच्या चाळीस वर्षं आधीची ती गोष्ट.

सुरुवातीलाच जो काही वेळ गेला तो कपड्यांत नाही, आकड्यांत गेला. आज ज्यांना आपण ग्रेनेडिअर्स म्हणतो, त्यांची ही पलटण १८८० मध्ये "पहिली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री" होती. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरने सगळ्या हिंदी फौजेला नवे क्रमांक दिले तेव्हा ती १०१वी झाली, १९२२ मध्ये पुन्हा बदलली. जेकब्ज रायफल्सची ३०वी १३०वी बलुची झाली आणि फाळणीत पाकिस्तानकडे गेली. त्यामुळे तिचं जे काही जपलेलं असेल ते पाहायला पुण्याची वेशभूषाकार सहज जाऊ शकत नाही. तिसरी लाइट कॅव्हलरी पुढे पूना हॉर्समध्ये मिसळली. हे सगळं पाठ असल्याशिवाय जुन्या फोटोखालची ओळ वाचता येत नाही. एका हौशी संग्राहकाने आम्हाला "हीच तुमची पलटण, कोरेगावची" असं ठासून सांगितलं. कोरेगावला लढली ती पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. तिची पुढे दुसरी ग्रेनेडिअर पलटण झाली, नंतर १०२वी. आमची ती नव्हे. अशा वेळी शांतपणे हो म्हणायचं आणि वहीत वेगळं लिहायचं, ही सवय मला या कामाने लावली.

मग चित्रं. रंगीत, स्पष्ट, बटणं मोजता येतील अशी. हिंदी फौजेची सगळ्यांत सुंदर जलरंगचित्रं लव्हेट या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली. ती पाहून आमचे मास्टर, म्हणजे ज्यांनी सगळे कपडे शिवले ते, एकदम खूश झाले. "ताई, आता काही अडचणच नाही, हे असंच शिवून देतो." पण ती चित्रं प्रसिद्ध झाली १९११ मध्ये. तीस वर्षांत फौजेचं रूप पार पालटलं होतं. १८९५ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन वेगळ्या फौजा मोडून एकच हिंदी फौज केली गेली. त्याच्याही आधी, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, पलटणी जातवार कंपन्यांमध्ये विभागल्या गेल्या आणि महारांची भरती थांबवली गेली. १९११ च्या चित्रांत जी माणसं दिसत नाहीत ती १८८० मध्ये रांगेत उभी होती. जुन्या बॉम्बे पलटणीत मराठा, महार, कोकणी मुसलमान, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, आणि उत्तरेकडचे पुरभय्ये एकाच कंपनीत खांद्याला खांदा लावून असत, आणि बेने इस्रायली सुभेदार ही काही नवलाची गोष्ट नव्हती. म्हणजे सुंदर चित्र बघून मी नुसता कोटच नाही, पात्रयोजनासुद्धा चुकीच्या काळात नेली असती. आमच्या चार शिपायांच्या रांगेत कोण कोण हवं, हे दिग्दर्शकाने त्या दिवशी ठरवलं. लेखकाने दोन नावं बदलली.

फोटोंकडे वळलं की वाटतं, आता तरी खरं हाती आलं. दुसऱ्या अफगाण युद्धात जॉन बर्क नावाचा छायाचित्रकार फौजेबरोबर फिरला. कंदाहारचे १८८०-८१ चे फोटो बेंजामिन सिम्पसन या डॉक्टरने काढले. माणसं खरी, कापडाच्या चुण्या खऱ्या, मळ खरा. रंग मात्र नाही, आणि तो नाही एवढ्यावर भागत नाही. त्या काळी फोटो ज्या काचेवर घेत तिला निळा प्रकाश जास्त दिसायचा, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे लाल कोट काळपट उमटतो, आकाशी गळपट्टी पांढरी दिसते आणि पिवळी गळपट्टी काळी. पिवळसर झाक असलेली खाकीसुद्धा प्रत्यक्षात होती त्यापेक्षा गडद येते. काळ्यापांढऱ्या फोटोवर नजर बसलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. म्हणून मी मोबाइलवर आमच्याच कापडाचे तुकडे मांडून फोटो काढले, त्यातला फक्त निळा चॅनेल ठेवला आणि मास्टरांना दाखवला. लाल तुकडा जवळपास काळा, निळा तुकडा पांढराफटक. मास्टर म्हणाले, "मग ह्या फोटोवरून शिवायचं काय?"

शिवण शिवायची. फोटोवरून काट, लांबी, बाहीचा घोळ, पागोट्याची ठेवण, गेटरची बटणं हे सगळं मिळतं. रंग दुसरीकडून आणावा लागतो. तो मिळाला आर्मी लिस्टमध्ये. ही अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची सरकारी यादी दर तिमाहीला छापली जाई आणि प्रत्येक पलटणीच्या नावाखाली एका ओळीत पोशाखाचा रंग आणि गळपट्टी-कफांचा रंग दिलेला असे. अगदी कोरडी ओळ. ग्रेनेडिअर्स: लाल, पांढऱ्या रंगाची गळपट्टी. फोटोत फिकट दिसणारी गळपट्टी आकाशी नसून पांढरी, हे एवढ्या एका ओळीने मिटलं. २७व्या आणि २९व्या बलुची पलटणींची हिरवा कोट-लाल विजार अशी ख्याती होती, तेही फोटोत पाहाल तर वरपासून खालपर्यंत काळंच दिसेल.

पोशाखाचे छापील नियमही होते, पण ते वाचताना चिडचिड होते. अधिकाऱ्याच्या कोटावर किती रुंदीची जरीची फीत, घोड्याच्या खोगिरावरचं कापड कसलं, मेसमध्ये कोणतं जाकीट, याची पानंच्या पानं. शिपाई काय घालतो, हे त्यात जवळपास नाहीच, कारण नियम अधिकाऱ्यांसाठी होते. शिपायाचे कपडे सापडतात ते हिशेबांत. किती वार कापड, किती कोट, कुणाच्या पगारातून किती कापले. मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, लष्करी खात्याची जुनी बांधलेली पुस्तकं आहेत. तिथल्या टेबलावर बसून मी कपड्यांच्या शोधात पगार वाचत बसले.

पायदळाच्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. तो कैक दशकं तेवढाच होता. नऊ झाला तो १८९५ मध्ये. सरकार त्याला कोट देई. बाकी बरंचसं, म्हणजे रोजचे कपडे, जोडे, पागोटं, याचा खर्च त्याच्याच पगारातून वळता होई. शिवाय खाणंही त्याचं त्यालाच. हे वाचल्यावर सगळ्या कपड्यांकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. ज्या कपड्याचे पैसे स्वतःच्या सातातून गेलेत तो कपडा माणूस फेकत नाही. ठिगळ लावतो, उसवून पुन्हा शिवतो, आखूड झाला तर खाली पट्टी जोडतो. सरकारी कोट परेडसाठी जपतो. इंग्रज अधिकाऱ्याच्या कपड्याला लंडनच्या शिंप्याचा हात आणि शिपायाच्या कपड्याला पलटणीच्या बाजारातल्या शिंप्याचा. एकाच रंगमंचावर या दोघांच्या शिवणीत फरक दिसला पाहिजे, आणि तो मला दागदागिन्यांपेक्षा महत्त्वाचा वाटला. मास्टरांना मी म्हटलं, साहेबाचा कोट तुम्ही शिवा आणि शिपायांचे तुमच्या मुलाला शिवू द्या. त्यांना राग आला. दोन दिवस फोन उचलला नाही. मग स्वतःच म्हणाले, "मी घाईघाईत शिवल्यासारखं शिवतो, मला येतं ते." आणि खरंच येत होतं. मशीनची टीप चालते का, असं विचारायलाही ते विसरले नाहीत. चालते, शिवणयंत्रं तोवर आलेली होती. ओव्हरलॉक मात्र नाही. सगळ्या आतल्या कडा दुमडून दाबटीप. काजं हातानेच.

पहिल्या अंकाच्या लाल कोटावर फार वेळ घालवला नाही. सॅटिन नको, लोकरीचं सर्ज हवं. पण मे महिन्यातल्या तालमी आणि पंखे नसलेली विंग पाहता पूर्ण लोकर कुणाच्याही अंगावर घालणं म्हणजे अंकाच्या मध्येच नट खाली पडणं. बिनचमकीचं, थोडं जाड, लोकरमिश्रित कापड घेतलं. लाल कुठला? जुन्या काळी शिपायांचं लाल मंजिष्ठाचं, विटकरीकडे झुकणारं, आणि अधिकाऱ्यांचं किरमिजी किड्याचं, झगझगीत. १८६९ नंतर मंजिष्ठातलाच रंग कारखान्यात कृत्रिमरीत्या बनू लागला आणि १८७९ पर्यंत तो सगळीकडे पसरला होता. तरी दोघांच्या लालात मी एक छटा अंतर ठेवलं. हे अंतर कुठल्या कागदावर नाही, ते माझं.

खाकीने मात्र घाम काढला.

लोकांना वाटतं खाकी म्हणजे पोलिसांचा रंग. १८८० ची खाकी हा रंगच नव्हता, रंगांचा घोळ होता. सरहद्दीवर लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने गाइड्स पलटण उभी केली १८४६ मध्ये, तिथून मातकट कपड्यांची सुरुवात मानतात. पण पुढे चाळीसएक वर्षं पक्का, धुतला तरी न जाणारा खाकी कुणालाच साधला नव्हता. तो मँचेस्टरच्या रंगवाल्यांनी १८८४ मध्ये पेटंट घेऊन बाजारात आणला, आणि त्यानंतर वर्षभरात हिंदुस्थानात सगळ्या फौजेला खाकी ड्रिल, म्हणजे जाड सुती कापड, मिळू लागलं. आमचा शिपाई त्याच्या चार वर्षं आधीच रणात पडलेला. म्हणजे मैवंदची खाकी ही पांढऱ्या ड्रिलला छावणीत, जे मिळेल त्यात बुडवून आणलेली. चहा, तुती, कात, चिखल. एका पलटणीची राखाडी, दुसरीची तांबूस, आणि एकाच माणसाचा सदरा आणि विजार वेगवेगळ्या दिवशी रंगवलेली असेल तर तीही वेगवेगळी.

मी कोरं ड्रिल आणलं, धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढली आणि गच्चीवर पातेली मांडली. तुतीने जांभळट छटा दिली आणि साबणाचं पाणी लागताच ती पळाली. चहा सगळ्यांत सोपा, पण नुसत्या चहाने कापड जुन्या पुस्तकाच्या पानासारखं पिवळं होतं, मातीसारखं नाही. चहात चिमूटभर हिराकस टाकला की रंग झपकन पाटीसारखा करडा. कातात बुडवलं की तांबडा, विटेकडे जाणारा. शेवटी जमलं ते असं: आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, मग कातात, मग हिराकसाच्या अगदी पातळ पाण्यात एकच डुबकी. जास्त हिराकस घातला तर कापड कुजतं, काही महिन्यांत बोटाने फाटतं, आणि आम्हाला प्रयोग तर वर्षभर करायचे होते. शेजारणींनी गच्चीवरचे डाग पाहून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. डाग अजून आहेत.

चारही शिपायांचे कपडे मी मुद्दाम वेगवेगळ्या पातेल्यांत काढले. रांगेत उभे केल्यावर दिग्दर्शकाचा चेहरा पडला. "अगं, हे चार वेगळ्या नाटकांतून आणल्यासारखे दिसतायत." मी त्याला कंदाहारचे फोटो दाखवले, रंग नसले तरी एकाच रांगेतल्या छटांचा फरक त्यांत डोळ्यांना दिसतो. त्याला पटलं, पण पूर्ण नाही. आमची तडजोड अशी झाली की चौघांपैकी तिघे जवळजवळच्या छटांत आणि नायक एकटा थोडा वेगळा, राखाडीकडचा. त्यामुळे प्रेक्षकाला तो गर्दीत सापडतो. इतिहासाला त्यात काही हरकत असण्याचं कारण नाही.

चामड्याचे पट्टेही तसेच. परेडला पाइपक्ले, म्हणजे पांढरी माती, लावून पांढरेशुभ्र केलेले पट्टे रणात लांबून नेम धरायला सोपे, म्हणून त्या मोहिमेत ते चहाने, मातीने मळवून टाकत. आम्ही पहिल्या अंकात पांढरे पट्टे वापरले आणि मध्यंतरात विंगेमागे त्यांनाच ओल्या गेरूचं फडकं मारायला एक मुलगा बसवला. दुसऱ्या दिवशी धुऊन पुन्हा पांढरे. साहेबाला मात्र तपकिरी सॅम ब्राऊन पट्टा, म्हणजे खांद्यावरून तिरकी पट्टी येणारा कमरपट्टा. तो तेव्हा सरकारी नियमांत पक्का बसलेला नव्हता, पण हिंदुस्थानात आणि अफगाण युद्धात अधिकारी वापरत होते. त्याच्या हुद्द्याच्या चिन्हांनी थोडा गोंधळ केला, कारण १८८० सालीच ती गळपट्टीवरून खांद्यावर नेण्यात आली. जुलैत कंदाहारच्या वाटेवर असलेल्या माणसाला नवा नियम कळला असेल का, कळला तरी शिवून कोण देणार? मी त्याच्या खाकी कोटावर काहीच लावलं नाही. रणात तेवढं चालून जातं.

बटणांसाठी चोरबाजारात गेले. मटण स्ट्रीटवर जुन्या लष्करी बटणांचे डबेच्या डबे असतात आणि प्रत्येक दुकानदार "मॅडम, ये तो असली अठरासौ सत्तावन का है" म्हणतो. बघायचं ते मुकुट. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. १९०१ नंतरचा मुकुट घुमटासारखा वर गोल होतो. १९५३ नंतर पुन्हा दबलेला. डब्यातली बहुतेक बटणं घुमटवाली, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाची. बटण उलटं करून पाहिलं की मागे बनवणाऱ्याचं नाव आणि कधीकधी रस्त्याचा पत्ता असतो, त्यावरूनही काळ बांधता येतो. तिथेच एकाने कंदाहारचा काशाचा तारा दाखवला, तुमच्या नाटकाला एकदम फिट म्हणून. तो तारा काबूलहून कंदाहारला जनरल रॉबर्ट्सबरोबर चालत आलेल्यांचा, आणि ती चाल ऑगस्टमधली, मैवंदनंतरची. अफगाण युद्धाचं चांदीचं पदक वेगळं, हिरव्या फितीचं, दोन्ही कडांना किरमिजी. त्यावर ज्या लढायांच्या पट्ट्या मिळत त्यांत मैवंद नाही. हरलेल्या लढाईची पट्टी कोण देणार? आणि काहीही झालं तरी २७ जुलैच्या दिवशी त्या युद्धाचं पदक कुणाच्याच छातीवर असणार नव्हतं. नटाला पदक हवं होतं, त्याने दोनतीनदा विचारलं. त्याला कोरी छाती मिळाली.

बंदुकीचं काम खरं तर माझं नाही, पण काडतुसाची पिशवी पट्ट्यावर येते म्हणून लक्ष घालावं लागलं. भाड्याने मिळणाऱ्या नाटकी बंदुका बहुतेक पोटाखाली मॅगझिन असलेल्या ली-एनफिल्डच्या नकला असतात, त्या विसाव्या शतकातल्या. १८८० मध्ये ६६व्या पलटणीच्या गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री होती आणि देशी पायदळाकडे तिच्या आधीची स्नायडर. सत्तावननंतर देशी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पिढी मागचं हत्यार द्यायचं, हे धोरणच होतं. स्नायडरचं तोंड साधारण साडेचौदा मिलिमीटर, गोळी जाडजूड, काडतूस आखूड आणि लठ्ठ. दोन्ही बंदुकांची काडतुसं एकमेकींना चालत नाहीत, त्यामुळे मेलेल्या गोऱ्याच्या पिशवीतली काडतुसं आमच्या शिपायाला उपयोगी नाहीत. हे कळल्यावर लेखकाने दुसऱ्या अंकातला एक प्रसंग फिरवून लिहिला. आधी तो काडतुसं घेऊन लढत राहत होता. आता पिशवी उघडून बघतो आणि तशीच खाली ठेवतो. माझ्या मते नाटकातली सगळ्यांत चांगली जागा ती झाली.

पायाच्या पट्ट्या, पटीज, गुंडाळायला आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदार काकांनी शिकवलं. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या आधी भरती झालेले, त्यांच्याकडून हे हाताला आलेलं. घोट्यापासून सुरुवात, प्रत्येक फेऱ्यात मागच्या पट्टीचा अर्धा भाग झाकायचा, पोटरी फुगते तिथे पट्टीला पीळ देऊन उलटवायची नाहीतर ढिली पडते, आणि गुडघ्याखाली नाडी. "पाय सुन्न झाला तर घट्ट, चालताना सरकली तर ढिली, दुसरी परीक्षा नाही," असं ते म्हणाले. नटांना दोन्ही पट्ट्या मिनिटभरात बांधता येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

पागोट्यावरून मात्र भांडण झालं. नायक साताऱ्याचा म्हणून दिग्दर्शकाच्या डोळ्यासमोर तुरा सोडलेला फेटा. पलटणीच्या फोटोंत डोक्याला लहान, गोल, घट्ट बांधलेलं पागोटं आहे. मिश्र कंपनीत प्रत्येकाने आपल्या गावची बांधणी केली तर रांग कसली उरणार? फेटा त्याच्याकडे असेलच, पण तो घरी, लग्नाकार्याला. आम्ही तो पहिल्या अंकात त्याच्या ट्रंकेतून डोकावताना दाखवला आणि डोक्यावर पलटणीचं पागोटं ठेवलं. मलमल खाकीत बुडवल्यावर ती कापडापेक्षा फिकट निघाली, तीही तशीच ठेवली.

रंगीत तालमीला नवीच अडचण उभी राहिली. हिरडा, कात आणि हिराकसाने इतका जीव खाऊन आणलेला मातकट राखाडी रंग दुसऱ्या अंकाच्या अंबर प्रकाशात गेला आणि चौघेही थेट चौकीतले हवालदार दिसायला लागले. प्रकाशयोजना करणाऱ्याला वाळवंटातलं ऊन दाखवायचं होतं, त्याचंही चुकीचं नव्हतं. मी त्याला कापडाचे चार तुकडे दिले. तो ते घेऊन रात्रभर दिव्यांपुढे बसला. सकाळी त्याने वरचे अंबर काढून तिथे बिनरंगी, पूर्ण उघडे दिवे लावले, एका बाजूने अगदी फिकट निळा दिला आणि ऊन दिसावं म्हणून जमिनीवर पांढुरकी वाळू जास्त टाकायला सांगितली. खाकी जागेवर आली. लाल कोटांना मात्र आता पहिल्या अंकात तो निळा आडवा येतो, म्हणून मध्यंतरात पट्टे मळवणाऱ्या मुलाकडेच जेल, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पडदा, बदलायचं कामही दिलं आहे.